आज गव्हाणीत काय आहे

माझ्या सुनेने घरात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, की मी रोज सकाळी तुमच्याबरोबर गोठ्यात आले तर चालेल का. चालेल का म्हणे! या घरात सुना आल्या त्या गोठ्यात गेल्याच, विचारून कुणी गेली नाही. पण ही व्हिएन्नाची. तिथे पोरांना पियानो शिकवायची. माझा आंब्रोस तिला आमच्या डोंगरात घेऊन आला तेव्हा तिच्या सामानात दोन पेट्या गाण्यांच्या वह्या होत्या आणि कोटाच्या प्रत्येक खिशात दम्याचा एकेक पंप. मी तेव्हाच गेबहार्टला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हटलं होतं, की ही गवताच्या धुळीत दोन दिवस टिकायची नाही. टिकली. मला मनातून जरा वाईटच वाटलं, कारण पैज मी लावली होती.

वॅलरी तिचं नाव. चार वर्षांची असल्यापासून दमा. एकदा मी शेण ओढत होते आणि ती माझ्यामागे झाडू घेऊन होती, तेव्हा आपणहून सांगायला लागली. लहानपणी तिची आई तिला खिडकीशी उभी करून पाठ चोळत बसायची, आणि ही एकेक श्वास मोजायची, कारण पुढचा येईल याची खात्री नसायची. नंतर म्हणाली, "माझ्या बाळाला हे नको. बाकी काहीही झालं तरी चालेल." तेव्हा तिला दिवस राहून दोनच महिने झाले होते. मी मान हलवली आणि शेणाची गाडी पुढे ढकलली.

नोव्हेंबरात एडिट नावाची एक नर्सबाई आली. शेतावरच्या गरोदर बायका आणि त्यांची पोरं यांच्यावर काहीतरी मोठा अभ्यास चालला होता, त्यात वॅलरीने नाव घातलं होतं. एडिटने आमच्या पलंगाच्या गादीवरून छोट्या यंत्राने धूळ ओढून पिशवीत भरली, वर चिठ्ठी लावली आणि आभार मानले. माझ्या घरातली धूळ नेऊन आभार मानणारी ती पहिलीच. मग कॉफी पिताना तिने सांगितलं, की गोठ्यात वावरणाऱ्या आयांच्या पोरांना दमा कमी होताना दिसतो, पोर अंगावर पीत असतानाही गोठ्यात नेलं तर आणखी बरं दिसतं. नेमकं का, ते अजून पुरतं कळलेलं नाही. वॅलरीचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं आता ही गायीच्या गळ्यात पडते. आणि मग एडिट म्हणाली, "कच्चं दूध मात्र नको हं. या दिवसांत उकळूनच घ्या."

माझ्या घरात, माझ्या टेबलाशी बसून, माझं दूध उकळायला सांगते! मी म्हटलं, उकळलेलंच प्यायचं होतं तर हिने व्हिएन्नातच राहायचं होतं, तिथे डब्यात मिळतं. एडिट हसली. वॅलरी लाल झाली. दुसऱ्या दिवशी धारा झाल्यावर मी निळ्या मगात कोमट दूध ओतलं आणि तिच्यापुढे धरलं, नुसतं धरलं. तिने माझ्याकडे बघत बघत तो मग रिकामा केला. त्या दिवसापासून रोज. मी जिंकले होते आणि मला त्याचा आनंद झाला होता. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला भोळी समजायला नको.

आमचं गाव वाळल्या गवताचं. म्हणजे गायींना हिरवा चारा नाहीतर वाळवलेलं गवत, तिसरं काही नाही. मुरघास, म्हणजे ओलं गवत हवाबंद करून आंबवलेला चारा, तो तर नावालाही नाही. आमच्या डेअरीत जी चीजची मोठमोठी चाकं लावतात ती वर्षभर मुरतात, आणि मुरघास खाल्लेल्या गायीचं दूध त्यात गेलं तर सहा महिन्यांनी चाक फुगून तडकतं. म्हणून मुरघासाचा एक गोळासुद्धा आवारात ठेवायचा नाही, असा करार असतो. आमच्या दारावर डेअरीची, वाळल्या गवताचं घर असल्याची चिनीमातीची पाटी होती, गेबहार्टच्या आजोबांच्या वेळची. ती मी दर शनिवारी पुसायची.

त्या वर्षी पाऊस हटेना. गवताची तिसरी कापणी वरच्या कुरणात तीनदा उलटली तरी ओलीच. त्यातच गेबहार्टच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तो कुबड्यांवर आला. आंब्रोस दिवसभर रोपवेवर कामाला. तेव्हा जे काय ठरवायचं ते मीच ठरवलं. माझा चुलतभाऊ कासियान डोंगरापलीकडे राहतो, त्याचं दूध साध्या पिशव्यांत जातं, त्याला मुरघास चालतो. त्याला म्हटलं, तुझं यंत्र आण, गवत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळ आणि तुझ्याच आवारात ठेव, विकून टाकू. चार गोळे झाले, ते विकायचे राहूनच गेले.

आणखी एक गोष्ट आहे. आमच्या कुरणात उंदीर जमीन उकरून मातीचे ढिगारे काढतात. दर वसंतात आम्ही दाताळी घेऊन जातो आणि ते ढीग एकेक करून पसरून टाकतो, कंटाळवाणं काम, पण गवतात माती जाऊ नये म्हणून करायचं. त्या वसंतात आंब्रोसचं लग्न होतं, ते राहून गेलं. गवत कापताना यंत्राचं पातं त्या ढिगांतून गेलं. मागे वळून बघितलं तर हिरव्या पट्ट्यात तपकिरी डाग होते. मी बघितलं आणि पुढे गेले.

फेब्रुवारी संपता संपता माळ्यावरचं वाळलं गवत तळाला लागलं, आणि मार्चमध्ये पुन्हा बर्फ. शेजाऱ्यांकडे मागता आलं असतं. पण मागायचं म्हणजे चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्या गावाला सांगायचं, की या नोटबुर्गाचा माळा रिकामा झाला. हे नाक माझ्या बापाने मला दिलंय, आणि ते आयुष्यभर मला नडलंय. मी भर दुपारी ट्रॅक्टर घेऊन कासियानकडे गेले आणि ताडपत्रीखालून एक गोळा घेऊन आले. टोकाच्या सहा गायींना, वरून वाळलं गवत पसरून, खाली मुरघास. गोठ्याला चार पायऱ्या आहेत, तेव्हा गेबहार्ट काही येत नव्हता. वॅलरी यायची. तिने विचारलं, आज आंबूस वास कसला येतोय?

मी म्हटलं, सफरचंदाचा चोथा आहे, रस काढून उरलेला.

खोटं बोलायला मला श्वाससुद्धा घ्यावा लागला नाही. वॅलरी गव्हाणीत वाकली, हात घालून मूठभर उचललं, नाकाशी नेलं आणि छान वास आहे म्हणाली. सहावा महिना संपत आला होता तिचा. मग तिने निळा मग घेतला.

तीन आठवडे असं चाललं. तिसऱ्या गोळ्याला फ्लोरा गाभडली. सातवा महिना होता त्या गायीचा. मेलेलं वासरू मी पोत्यात घालून बाहेर नेलं, वॅलरीला दिसू दिलं नाही. गायी गाभडतात कधीकधी, मी मनाशी म्हटलं, घसरली असेल. पण चार दिवसांनी तिच्या शेजारची मिर्टे मान एका बाजूला टाकून गोल गोल फिरायला लागली, एक कान लोंबलेला, तोंडातून लाळ. गुरांचे डॉक्टर कास्पर आले. त्यांनी तिचा डोळा उघडून बघितला, रक्त घेतलं, आणि हात धुताना सहज विचारलं, "मुरघास कुठून खाल्ला का हिने?"

"डॉक्टर, आमचं वाळल्या गवताचं घर आहे," मी म्हटलं.

ते हसले आणि माझी माफी मागितली. माफी! ते गेल्यावर मी तडक कासियानकडे गेले. शेवटचा गोळा उभा होता, एका बाजूने कावळ्यांनी प्लॅस्टिक फाडलेलं. आत हात घातला तर पांढरी बुरशी आणि मुठीएवढी ढेकळं, त्याच उंदरांच्या ढिगांची. मी तो गोळा कासियानच्या ट्रॅक्टरने ढकलून दरीत टाकला. उरलासुरला मुरघासही गव्हाणीतून खरवडून काढला. आणि घरी येऊन बटाटे सोलायला बसले. मला वाटलं, संपलं.

बुधवारी वॅलरीला ताप आला. पाठ दुखत होती, अंग कापत होतं. एकतिसावा आठवडा. आमचे डॉक्टर फिंक दुपारी घरी आले. खोऱ्यात अर्ध्या घरांत फ्लू होता, त्यांनी पोट चाचपलं, बाळाचे ठोके ऐकले, चांगले होते. मग विचारलं, "दूध उकळूनच घेताय ना?"

वॅलरीने तोंड उघडायच्या आत मी बोलले, "हो, उकळूनच."

वॅलरीने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, डॉक्टर तिला रागावतील म्हणून मी तिला पाठीशी घालतेय. पांघरुणातून तिने माझं बोट धरलं आणि दाबलं. डॉक्टरांनी तापाची गोळी लिहून दिली आणि ते गेले.

गुरुवारी सकाळी डॉक्टर कास्परांचा फोन आला. जंतूचं नाव सांगितलं, लिस्टेरिया. हा खराब मुरघासात वाढतो, मातीतही असतो, तुमच्याकडे कुठून आला कळत नाही, म्हणाले. आणि मग आवाज बदलून म्हणाले, की घरात कुणी कच्चं दूध पिऊ नका, सूनबाईंनी तर मुळीच नको, गरोदर बाईला नुसता फ्लूसारखा ताप येतो आणि आत पोर जातं. मी बरं म्हटलं. गेबहार्ट चुलीशी बसला होता, त्याने विचारलं, काय म्हणतोय कास्पर? मी म्हटलं, मिर्टेचं औषध बदलायला सांगतोय.

पुढचे दोन दिवस मी कशी जगले ते सांगता यायचं नाही. ताटातलं सगळं मांजरीला जायचं. अर्ध्या अर्ध्या तासाने मी तिच्या खोलीत जायची, उशी सारखी करायची, आणि विचारायची, हलतंय ना बाळ? हलतंय, आई. थोड्या वेळाने पुन्हा, हलतंय ना? शेवटी तीच वैतागली, म्हणाली, तुम्हीच घ्या बाई त्याला तुमच्या पोटात, म्हणजे तुम्हाला कळेल. आंब्रोस हसला. मी सुद्धा हसले आणि स्वयंपाकघरात येऊन कपाटाचं दार धरून उभी राहिले. सांगायला हवं होतं. जिभेवर यायचं आणि परत जायचं. मी स्वतःला सांगत होते, की ताप उतरतोय, फ्लूच असेल, सगळ्यांनाच आलाय, उद्यापर्यंत बघू. पाटी माझ्या डोळ्यांपुढे यायची, डेअरीवाल्यांची तोंडं, चर्चच्या पायऱ्या. त्या पोराचं तोंड मात्र अजून कुणी बघितलेलं नव्हतं, तेच एक डोळ्यांपुढे येत नव्हतं.

शनिवारी सकाळी वॅलरी उठून चुलीशेजारच्या बाकावर येऊन बसली. ताप कमी होता. आंब्रोस पाव कापत होता, गेबहार्टचा रेडिओ चालू होता. ती दोन्ही हात पोटावर ठेवून बसली होती, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "आज उठल्यापासून हललं नाही."

आंब्रोस म्हणाला, झोपलं असेल.

मी रेडिओ बंद केला. "हा फ्लू नाही," मी म्हटलं. "मी टोकाच्या गायींना मुरघास घातला. तीन आठवडे. खराब होता, मातीचा. फ्लोरा त्यानेच गाभडली. कास्परने परवाच फोनवर सांगितलंय, आणि हिने रोज ते दूध प्यायलंय."

"कुठला मुरघास?" आंब्रोस म्हणाला. या घरात तो शब्दच त्याला कळेना.

वॅलरी माझ्याकडे बघत होती. "तो सफरचंदाचा चोथा होता," ती म्हणाली.

"नव्हता."

त्यानंतर कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. आंब्रोसने गाडी काढली. मी कॅलेंडरचं पान फाडलं आणि त्यावर लिहिलं, जंतूचं नाव, कास्परचा नंबर, मुरघास कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, ताप कधी आला, आणि खाली, दूध कच्चं, रोज एक मग. रोज हा शब्द दोनदा लिहिला गेला. मी गाडीत बसायला गेले तर आंब्रोसने माझ्यापुढे दार लावून घेतलं. कागद मात्र त्याने खिडकीतून घेतला.

खालच्या इस्पितळात पोचायला पन्नास मिनिटं लागतात. बर्फात जास्त. मी अंगणात उभी राहून वळणावळणावर ती गाडी दिसतेय का बघत होते. दिसेनाशी झाल्यावर गोठ्यात गेले, कारण गायी हंबरत होत्या आणि त्यांचा काही दोष नव्हता. धारा काढल्या आणि सगळं दूध गटारात ओतलं. गेबहार्ट चार पायऱ्या बसत बसत उतरून खाली आला. ऑपरेशन झाल्यापासून तो उतरला नव्हता. त्याने टोकाची गव्हाण बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "पोरीला काय झालं ना, तर बुर्गा, मी काय करेन मला माहीत नाही." मलाही माहीत नव्हतं. आम्ही दोघं तिथेच पालथ्या बादल्यांवर बसून राहिलो.

इस्पितळात बाळाचे ठोके सापडले, पण फार वेगाने पडत होते. त्यांनी ताबडतोब शिरेतून औषध सुरू केलं. रविवारी दुपारी पोट उघडून मुलगी बाहेर काढली, पावणेदोन किलोची. जंतू तिच्या रक्तात होता. तिथल्या डॉक्टरीणबाई आंब्रोसला म्हणाल्या, की त्या कागदामुळे बराच वेळ वाचला. कागद दोन दिवस आधी मिळाला असता तर किती वाचला असता, ते त्या म्हणाल्या नाहीत.

मुलगी पाच आठवडे काचेच्या पेटीत होती. ओटिली नाव ठेवलं. आंब्रोस रोज घरी येऊन बापाला सांगायचा, मी शेगडीकडे तोंड करून ऐकायची. आज नळी काढली. आज पुन्हा घातली. आज वीस ग्रॅमने वजन वाढलं. जगेल असं म्हणाले तेव्हा मी शेगडीवरच्या भांड्यात रडले आणि ते सूप सगळ्यांनी प्यायलं. पण डोक्यावर, कानांवर काही परिणाम झालाय का, ते आत्ता सांगता येणार नाही, म्हणाले, वाढेल तसं बघत राहावं लागेल. बघत राहायचं. तेच चाललंय अजून.

डेअरीला मीच कळवलं. गाडीने खाली गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. त्या तीन आठवड्यांत लावलेली चाकं त्यांनी जमिनीत पुरली, गावातल्या चौदा घरांचं दूध होतं त्यात. चर्चच्या पायऱ्यांवर माझ्याशेजारी महिनाभर कुणी उभं राहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. दारावरची पाटी गेबहार्टने एका कुबडीवर उभं राहून स्वतः उतरवली. तिच्याखालची भिंत पांढरी राहिली आहे. माझ्या नाकाचं काय झालं विचाराल, तर ते आहे तिथेच आहे, नुसतं शेंबूड पुसायच्या कामाचं.

मे महिन्यात ओटिली घरी आली. मला वाटलं होतं वॅलरी आता व्हिएन्नाला जाईल. गेली नाही. माझ्याशी तुसडेपणाही केला नाही. मीठ द्या म्हणायची, धन्यवाद म्हणायची. मी पोरीचे लंगोट धुतले, इस्त्री केले, वॅलरीसाठी जवाचं सूप केलं, दूध तिच्यासमोर तीन उकळ्या येईपर्यंत तापवलं. पण पोर माझ्या हातात कधी आली नाही. देऊ नका असं कुणी म्हटलं नव्हतं. ओटिली वॅलरीच्या कुशीतून आंब्रोसच्या खांद्यावर जायची, तिथून गेबहार्टच्या मांडीवर, आणि मग पाळण्यात. मी वाटेत उभी असले तरी वाट माझ्याभोवतीने जायची. आंघोळ घालताना मी टॉवेल धरायची, तर वॅलरी टॉवेल माझ्याकडून घ्यायची आणि पोरीला स्वतः गुंडाळायची. एक थाळी तरी फोड गं माझ्या डोक्यात, असं मला वाटायचं.

जूनमध्ये एडिट पुन्हा यंत्र घेऊन आली. पाळण्यातली धूळ घेतली, मग प्रश्न. गरोदरपणात दूध उकळून घेतलं होतं का? नाही, वॅलरी म्हणाली. गायींचा चारा कोणता होता? वॅलरी म्हणाली, ते आई सांगतील. मी सांगितलं, सगळं, तारखांसकट, माझं ते व्हिएन्नाचं टोचून बोलणंसुद्धा. ते ऐकायला एडिट तिथे होतीच म्हणा. तिने पेन खाली ठेवलं. मग वॅलरीने जे विचारलं ते ऐकून माझ्या हातातला कप निसटायचा राहिला. तिने विचारलं, बाळाला गोठ्यात कधीपासून नेता येईल?

एडिट म्हणाली, डॉक्टरांना विचारा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरद ऋतूपर्यंत थांबा, मग न्या, पण आजारी किंवा नुकत्याच व्यालेल्या गायीजवळ नाही, आणि दूध कच्चं कधीच नाही. आंब्रोस वॅलरीवर चिडला, अजून तुला तो गोठा हवाय? वॅलरी म्हणाली, मला तिचा श्वास हवाय. दम्याचं भय तिला माझ्या आधीपासूनचं होतं, मी त्यात आणखी एक घातलं, इतकंच. आता तिला दोन्ही भयांना धरून त्याच दारातून जायचं होतं.

सप्टेंबरात गायी वरच्या कुरणातून उतरल्या. ऑक्टोबरात पहिल्यांदा वॅलरी ओटिलीला लोकरी शालीत बांधून गोठ्याच्या दारात आली. आत आली नाही. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून तिने विचारलं, "आज गव्हाणीत काय आहे?"

मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, वाळलं गवत. तिने ओटिलीला आंब्रोसच्या हातात दिलं, आत आली, एकेका गव्हाणीत कोपरापर्यंत हात घालून तळाचं वर काढलं, वास घेतला, दिव्याखाली धरून बघितलं. अठराच्या अठरा. मग बाहेर जाऊन पोरीला घेतलं आणि पाच मिनिटं आत येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज तोच प्रश्न, रोज तेच तपासणं. पहिला आठवडा मला राग यायचा, खोटं कशाला बोलू, रागच यायचा. मग राग गेला आणि मी सकाळी उठून उत्तर तयार करायला लागले.

परवा आंब्रोसला पहाटेची पाळी होती. गेबहार्ट दवाखान्यात तपासणीला गेला होता. मला वाटलं, आज ती येणार नाही. आली. शालीचं बांधणं धुवायला टाकलं होतं, त्यामुळे ओटिली नुसती कडेवर होती, टोपी घालून, मूठ तोंडात. उंबऱ्याबाहेर थांबली.

"आज गव्हाणीत काय आहे?"

"खालच्या कुरणाचं दुसऱ्या कापणीचं गवत," मी म्हटलं. "डावीकडच्या चौघींना शेजाऱ्यांच्या माळ्यावरचं, दोन कवळे, काल मागून आणलं. त्यात तळाशी एक पेंढी ओली लागली, ती बाहेर उकिरड्यावर टाकलीये. चौथ्या गव्हाणीत तिची धूळ थोडी पडली असेल, मी झाडली, पण पडली असेल. मिर्टेच्या जागेवर आणलेली नवी गाय आज नीट खात नाहीये, तिच्याजवळ जाऊ नकोस."

वॅलरी ऐकत होती. तिने चौथ्या गव्हाणीकडे बघितलं. मग मागे बघितलं, अंगणात कुणी नव्हतं. कडेवरच्या पोरीकडे बघितलं. एका हाताने गव्हाण तळापर्यंत तपासता येत नाही, ते तिला माहीत होतं आणि मलाही. मी माझे हात ॲप्रनला पुसले, कोरडे होते तरी पुसले, पुढे मात्र केले नाहीत.

"धरा हिला," ती म्हणाली.

आणि ओटिली माझ्या हातात आली. जड होती, मला वाटलं होतं त्याहून जड. तिने माझा कान धरला. मी तिच्या छातीला कान लावला आणि ऐकलं, शिट्टी वाजतेय का, घरघर आहे का. काही नव्हतं, श्वास आत जात होता आणि बाहेर येत होता. समोर वॅलरी बाह्या वर करून पहिल्या गव्हाणीत वाकली होती, तळाचं गवत वर काढून नाकाशी नेत होती. मग दुसरीकडे गेली. अठरा गायी होत्या. सावकाश बघ गं बाई, मी मनात म्हटलं, एकही सोडू नकोस.